वजा पंधरा

अकरावीला मी जत तालुक्यातून सांगलीला आले. चौथीपर्यंत कानडी शाळा, मग मराठी, आणि आता एकदम इंग्रजी. गणिताचे सर ‘डिटर्मिनंट, डिटर्मिनंट’ म्हणत राहिले. दहावीत शिकलेला ‘निश्चयक’ तो हाच, हे मला दोन दिवसांनी उमगलं. नवीन एवढंच, की दोन ओळींच्या जागी तीन ओळी होत्या.

वर्गात मी तोंड उघडत नसे. पहिल्याच आठवड्यात ‘व्हय’ म्हणाले, तेव्हा मागचा बाक हसला होता. होस्टेलच्या खोलीतली माझी जोडीदारीण त्यात होती.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर दोन उभ्या रेघांमध्ये आकडे मांडले. वर दोन, एक, तीन. मध्ये चार, शून्य, पाच. खाली एक, दोन, सहा. ते वरच्या ओळीनं सोडवत गेले आणि उत्तर काढलं तेवीस. सगळे उतरवून घेऊ लागले.

मी मात्र मधल्या ओळीनं गेले होते, कारण तिथं शून्य होतं, म्हणजे एक काम कमी. चारापुढचा कंसही शून्यच झाला. उरला पाच. माझं उत्तर वजा पंधरा येत होतं. मी तीनदा केलं. मग हात वर केला. वर का केला, ते आजही सांगता येणार नाही.

“सर, वजा पंधरा येतंय.”

“कसं? ये, दाखव.”

खडू हातात घेतला आणि भीतीनं मराठीही सुचेना. “मधल्या ओळीत शून्य हाय,” एवढं म्हणाले आणि लिहीत सुटले. शेवटच्या गुणाकाराला ‘पाच त्रिक पंधरा’ कानडीतूनच आपोआप मोठ्यानं बाहेर पडलं, “ऐदु मूरले हदिनैदु.” वर्ग खो-खो हसला.

सर हसले नाहीत. ते आपली मांडणी वरून खाली बघत होते. मग वरच्या ओळीतल्या एकाच्या आधी त्यांनी अधिक लिहिलं होतं ते पुसून वजा केलं. वजा वीस, वजा एकोणीस, अधिक चोवीस.

“माझी खूण चुकली,” ते म्हणाले. “हिचं बरोबर आहे. तेवीस खोडा सगळ्यांनी.”

मी जागेवर येऊन बसले. आनंद वगैरे काही नव्हता. फक्त पाणी प्यावंसं वाटत होतं.

संध्याकाळी जोडीदारीण वही घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसली.

“मधली ओळ घेतली की खुणा कशा लावायच्या गं?”

“वजा, अधिक, वजा,” मी म्हणाले. “वरच्या ओळीच्या उलट.”

तिनं लिहून घेतलं. पुढं दोन वर्षं आम्ही गणित एकत्रच केलं. माझं ‘हाय’ ती मधूनमधून सुधारायची, आणि मी तिच्या खुणा. बारावीला तिला गणितात माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले, याचं मला थोडं वाईटही वाटलं.