बाकड्यावरचे आठ दिवस

मामा कंपाउंडर रोग्याला "काय होतंय?" असं कधीच विचारत नसत. बाकड्यावर त्याच्या शेजारी टेकायचे, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "कोणत्या गाडीनं आल्ता?" मग बोलणं कापसावर जाई, कापसावरून सुनेवर आणि तिथून हळूच दुखण्यावर. बदनापूरच्या त्या दवाखान्यात निम्मं निदान दाराबाहेरच होत असे.

मी नुकताच डॉक्टर होऊन तिथे लागलो होतो. वर्षभर अनुभव घ्यायचा आणि मग हसनाबादला, आमच्या गावी, स्वतःचा दवाखाना टाकायचा असा बेत होता. वडिलांनी चौकातला गाळाही बघून ठेवला होता. पहिल्याच दिवशी मामांनी मला दारात अडवलं. "डॉक्टरसाब, कुर्सी कुठं पळून चाल्ली न्हाई. आठ दिवस बाकड्यावर बसा. अन् ते गळ्यातलं ड्रावरमधी ठिवा." मी मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार केली, तर ते हसून म्हणाले, "माझ्याकडे आलेले सगळे बसलेत."

मला भयंकर अपमान वाटला. पाच-सहा वर्षं घासून हे? मी बाकड्याच्या टोकाला मोबाईल बघत बसलो. एका आजीने तर मला पिशवी धरायला देऊन लघवीला जाऊन घेतलं. मामा ते पाहून दिवसभर खुशीत होते.

पाचव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना जालन्याला जावं लागलं आणि मला खुर्ची मिळाली. मी झपाट्याने रोगी काढू लागलो. एक काकू आल्या. "डावा हात दुखून राह्यला, डॉक्टर. सुई द्या, येचणीला जायचंय." कापूस वेचणाऱ्या बाईचा हात दुखणारच. मी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. दोन मिनिटांत मामा त्यांना दंडाला धरून परत घेऊन आले.

"डॉक्टरसाब, काकू बाहेर म्हणल्या, सकाळधरून दरदरून घाम फुटून राह्यला. छातीवर कोणी बसल्यावाणी व्हतंय. आत सांगितलं का हे?"

काकू खाली बघत म्हणाल्या, "डॉक्टरला घाई व्हती."

ईसीजी काढला, तर हार्ट अटॅक होता. जीपमध्ये घालून त्यांना जालन्याला नेलं, म्हणून वाचल्या. मामांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट चहा सांगितला. संध्याकाळी मी स्वतःच स्टेथोस्कोप ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले.

पुढे वर्षभर मामा मला दवाखाना शिकवत राहिले. सुई मागणाऱ्याला नाही म्हणायचं असेल तर उभ्याने म्हणायचं नाही, बसून म्हणायचं. जिथे आपल्याला कळत नाही तिथे "मंग बघू" हे बिलकुल चालणार नाही. "जालन्याला जा म्हणा, अन् कोणाला भेटायचं ते कागदावर लिहून द्या. नुसतं जा म्हणलं की माणूस घरी जातो." माझ्या अक्षरावर त्यांचा विशेष राग होता. त्यांना स्वतःला मात्र कधी औषध घेताना मी पाहिलं नाही. डोकं दुखो की पोट, थोडा बाम चोळला की काम झालं.

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल काही लिहायचं म्हटलं की मला एकच दिवस आठवतो.

हसनाबादचा दवाखाना सुरू होऊन सहा महिने झाले होते. मामा तोवर काम सोडून घरी बसले होते. त्या सकाळी बाहेर डोकावलो तर ते बाकड्यावर, रोग्यांच्या रांगेत! दोन एसट्या बदलून आले होते. मी म्हणालो, "मामा, तुम्ही थेट आत यायचं." तर म्हणाले, "मह्या पुढं तिघं हायेत. बराबर नंबरानं येतो."

नंबर आला तसे ते आत आले, भिंती न्याहाळल्या, खुर्ची हलवून पाहिली.

"काय होतंय मामा?" मी विचारलं. पेन हातात होतं.

"काई न्हाई. खोकला हाय जरासा. तुमचा दवाखाना पाह्यला आल्तो."

मी लिहायला वाकलो आणि थांबलो. सदऱ्याची कॉलर त्यांच्या मानेभोवती केवढी सैल झाली होती! मी पेन ठेवलं आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"मामा, कोणत्या गाडीनं आल्ता?"

मामा हसले. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चार महिन्यांपासून खोकल्यातून रक्त पडत होतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"अहो, मोठ्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"गेल्तो ना दोनदा. आत गेलं की तोंडातून काई न्हाई असंच निघतं, डॉक्टरसाब," मामा म्हणाले. "अन् तिथल्या बाकड्यावर आता कोणी बसत न्हाई."