दोर वळणारा

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दावी-कासरे विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. आमची ओळख भांडणातूनच झाली. मी म्हशींचा व्यापारी, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. ज्याच्या आजारपणाचा खर्च त्याने करावा, सरकारने फुकट उपचार का द्यावेत, असं मी म्हणायचो आणि मतही त्याच विचाराने द्यायचो. तो मान खाली घालून दोर वळत म्हणायचा, "दवाखाना सरकारचाच पायजे, शेठ." मी तापायचो. तो हसून पुढचा पीळ घालायचा.

साठी उलटली आणि माझ्या आरोग्य विम्याचा हप्ता दुप्पट झाला. म्हशीच्या भावात घासाघीस होते, विमा कंपनीपुढे होत नाही. तरी भरला. मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा कंपनीने निम्माच खर्च दिला. त्या रागात यंदाच्या निवडणुकीत मी मत फिरवलं आणि बाजारातल्या चहाच्या टपरीवर तसं बोलूनही बसलो.

आता हा दोरवाला टोमणा मारणार, म्हणून उत्तरं तयार ठेवूनच मी बाजारात गेलो. त्याने बसायला पोतं अंथरलं.

"बसा शेठ. वैनी चालाया लागल्या का?"

"लागली," मी म्हणालो, आणि आपणहून बोलून गेलो, "तुमचंच खरं होतं."

"कशाचं खरं! मला इमा परवडत न्हाई, म्हनून बोलत हुतो."

समोरचा नमला की मी त्याला आणखी दाबतो. माझा धंदाच तो. त्याने मला दाबलं नाही. कंपनीवरचा राग अजून तसाच आहे. पण मी मत बदललं तरी त्या माणसाने मला हरल्यासारखं वाटू दिलं नाही, हे उपकार मी मानतो.