बांधावरचं डांगर

चंपाबाई ओव्हाळांनी चाळीस पावसाळे भात लावला, पण एकदाही स्वतःच्या जमिनीत नाही. मळवलीच्या आसपास ज्याच्या खाचरात चिखल तयार होईल त्याच्याकडे आवणीला जायचं, दिवसभर वाकून रोपं खोवायची आणि दिवाळीच्या सुमाराला तोच भात कापायला पुन्हा तिथेच जायचं. इंद्रायणी भाताचा वास त्यांच्या लुगड्यांना लागायचा, पोती मात्र दुसऱ्याच्या घरात जायची. याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. त्यांना कुरकूर करायला वेळच नव्हता, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांच्या नावावर होतं ते एवढंच: एक घर, घरापुढचं अंगण आणि घरामागचं दीड गुंठ्याचं परस. नवरा गेल्यावर या परसाकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. मोरीच्या तोंडाशी अळूची चार पानं, मोडकी मोटारसायकल, फुटक्या कौलांचा ढीग आणि वस्तीतल्या तमाम मांजरांचा संसार, असा तिथला थाट होता.

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी त्यांचा मुलगा सुहास त्या कौलांच्या ढिगावर उभा राहिला. तो लोणावळ्यात टुरिस्टची गाडी चालवतो. शनिवार-रविवारी लोक राहायला जागा शोधत कसे वणवण फिरतात, हे तो रोज पाहतो.

"आई, हितं तीन खोल्या काढतो," तो म्हणाला. "स्लॅबच्या. पाहुणे मीच आणीन."

"त्या जागेत मी भाजी लावणार हाय," चंपाबाई म्हणाल्या.

हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर चंपाबाईंनी स्वतःही ते त्याच क्षणी ऐकलं. पण एकदा तोंडातून निघाल्यावर त्यांना ते पटलं आणि मग त्या हटायला तयार होईनात.

"तुला भात सोडून काय लावता येतंय?" सुहास हसत म्हणाला.

त्याने ते गमतीने विचारलं होतं, पण चंपाबाईंना ते झोंबलं, कारण ते खरं होतं. जन्म चिखलात गेला, आणि एक वांगं कसं लावतात ते माहीत नाही. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "पुढल्या सालच्या बुद्धपुनवंला विहारातलं जेवान आपल्या घराकडं हाय. त्या दिसाची समदी भाजी ह्या परसातली आसंल. एक जुडी जरी बाजारची आली, तर मी सोता टेप धरून तुला खोल्यांची जागा मोजून दीन."

सुहासची बायको ज्योत्स्ना दारात उभी होती. ती अंगणवाडीत सेविका आहे आणि तिला सासूच्या शब्दाचं वजन माहीत आहे. तिने कपाळाला हात लावला.

कामाला मात्र तीच पहिल्यांदा लागली. रात्रीची भांडी झाल्यावर तिने मोबाइलवर बागेचे व्हिडिओ लावले आणि सासूला शेजारी बसवलं. त्यातली बाई सांगत होती की आधी ऊन कुठे किती पडतं ते पाहावं. चंपाबाईंना हे मनापासून आवडलं. दुसऱ्या दिवशी त्या चुलीतल्या राखेची पाटी घेऊन परसात बसल्या आणि तासातासाला घराच्या सावलीच्या कडेने राखेची रेघ ओढत राहिल्या. संध्याकाळपर्यंत परसभर रेघाच रेघा झाल्या. ज्योत्स्नाने त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतल्या. सावलीत अळू, उन्हात वांगी, मिरची, भेंडी, कुंपणाला वेल. नकाशा इतका देखणा झाला की तो कपाटाच्या दाराला चिकटवला.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा पुढे झाला, आणि तो करायला चाळीस वर्षं भातात वाकलेलीच बाई हवी.

चंपाबाईंनी कौलांचा ढीग हलवला, कुदळ घेतली आणि मोडक्या मोटारसायकलचा कोपरा सोडून सगळं परस एका पातळीत आणलं. मग चारी बाजूंनी बांध घातले. मध्ये आडवे-उभे बांध घालून चार चौकोन पाडले. बांधावर माती टाकायची, पाणी मारायचं आणि टाचेने दाबत दाबत चालायचं, असं त्यांनी पंधरा दिवस केलं. बांध असा पक्का झाला की थेंब गळायचा नाही. व्हिडिओतली बाई ओरडून सांगत होती की पाणी साचू देऊ नका. ज्योत्स्नाने ते दोनदा ऐकवलं.

"त्या बाईच्या गावात पानी पडतंय का कधी?" चंपाबाई म्हणाल्या. "पानी अडवलं न्हाई तर पिकंल काय?"

रोपं लावली, ती छान तरारली. मग आषाढात मळवलीला जसा पाऊस लागतो तसा लागला. सात दिवस उघडीप नाही. चंपाबाईंच्या पक्क्या बांधांनी आपलं काम चोख बजावलं आणि सगळं पाणी धरून ठेवलं. वांगी गुडघाभर पाण्यात उभी राहिली, मिरच्या पिवळ्या पडल्या, भेंडीची मुळं कुजून रोपं आडवी झाली. बेडूक तेवढे खूश होते.

शेजारच्या नंदाबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. "चंपे, आवन कदी घ्यायची? मला सांग, मी बी यीन."

चंपाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. सुहास मागच्या दारात आला, त्याने पाण्याकडे पाहिलं आणि आत जाऊन जेवायला बसला. ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. आपल्याला एकच काम येतं आणि तेही लोकांच्या रानातलं, हे त्यांना पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं, आणि त्यांना रडू आलं.

सकाळी प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन त्या मेलेली रोपं उपटायला गेल्या. उपटता उपटता कोपऱ्यावर थांबल्या. तिथे बांधाच्या माथ्यावर डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, एक वेल चांगला हातभर पसरला होता. तो कुणी लावला नव्हता. स्वयंपाकघरातल्या बिया कधीतरी तिथे फेकल्या होत्या. चारी बाजूंना मरण, आणि हा गडी बांधावर बसून दोन पिवळी फुलं मिरवत होता.

चंपाबाईंनी त्याच्या मुळाशी बोट खुपसून पाहिलं; तिथे पाणी साचलं नव्हतं. मग त्यांनी घरात हाक मारली.

"ज्योत्स्ना, त्यो नकाशा आन. उलटा करायचा हाय."

"म्हंजे?"

"जितं बांध हाय तितं वाफा. जितं वाफा हाय तितं पान्याची वाट."

भर पावसात अकरा दिवस सासू-सुना खपत होत्या. चौकोनांतली माती उपसून बांधांवर चढवली. बांध रुंद होत होत गुडघाभर उंचीचे वाफे झाले आणि मधल्या चऱ्यांतून पाणी खालच्या ओढ्याकडे वाहायला लागलं. कुठे किती उतार द्यायचा, हे व्हिडिओला विचारावं लागलं नाही. पाण्याची चाल चंपाबाईंच्या पायांना ठाऊक होती. आजवर त्यांनी पाणी अडवलं होतं, आता त्या ते काढून देत होत्या, एवढाच काय तो फरक. डांगराच्या वेलाला कुणी हात लावला नाही. त्याच्याभोवतीच वाफा वाढवला.

पाऊस सरल्यावर मेथी आली, मुळे आले, पुन्हा लावलेली वांगी-भेंडी धरली. डांगरं तर नऊ निघाली. ती चंपाबाईंनी खाटेखाली ओळीने ठेवली आणि कुणालाही कापू दिली नाहीत. नंदाबाई आता भिंतीवरून डोकावायच्या त्या मेथी मागायला. पण सुहासचा बेत बदलला नव्हता. माघात त्याने सळयांचा गठ्ठा आणून परसात टाकला. "मे महिन्यात लागतीलच," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर त्यातल्या बारा सळया चंपाबाईंनी जमिनीत रोवल्या, वरून सुतळ्या ओढल्या आणि दोडक्याचा मांडव घातला.

"आई, त्या खोल्यांच्या हायेत."

"खोल्या झाल्या की घे की काढून."

उन्हाळ्यात पाणी तुटपुंजं झालं. मग त्यांनी चऱ्यांची ओढ्याकडची तोंडं मातीने बुजवली आणि मोरीचं पाणी आत वळवलं. कपडे धुतलेलं, आंघोळीचं, तांदूळ धुतलेलं. घरात कुणी तांब्याभर पाणी वाया घालवलं तर चंपाबाई त्याच्याकडे अशा बघायच्या की माणूस दुसऱ्यांदा ते करत नसे.

बुद्धपौर्णिमा आली. वंदना झाली, खीर वाटली आणि पंगत बसली. डांगराची भाजी, भरली वांगी, भेंडी, दोडक्याच्या शिरांची चटणी. वस्तीतली माणसं जेवता जेवता मान डोलवत होती. नंदाबाईंनी तर डांगराची भाजी तीनदा मागून घेतली. सुहास वाढत होता आणि विचारणाऱ्याला सांगत होता, "समदी घरची हाय." सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. चंपाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा वर्षभराचा शीण उतरला.

शेवटच्या पंगतीला त्या जेवायला बसल्या. दुसऱ्या घासाला त्यांचा हात थांबला. डांगराच्या भाजीत बटाटा होता.

त्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "कार्ला गावची मंडळी जादा आली, आई. पुरत नव्हतं. दोन किलो आणले. कुणाला काय कळतंय?"

"मला कळलं की," चंपाबाई म्हणाल्या, आणि ताटात काही न टाकता जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास चहा प्यायला ओट्यावर आला, तर आई टेप घेऊन बसलेली.

"बटाटा बाजारचा व्हता," त्या म्हणाल्या. "ऊठ. मोजून घे."

"आई, चार बटाट्यांपायी?"

"चार न्हाई, दोन किलो. सबूद माझा व्हता."

सुहास उठला. टेपचं एक टोक आईने कुंपणाशी धरलं, दुसरं घेऊन तो चालत गेला, वाफ्यांवर पाय न देता, चऱ्यांतून वळणं घेत. पहिली खोली वांग्यांवर आली. दुसरी भेंडीवर. तिसरी बरोबर दोडक्याच्या मांडवाखाली.

"आदी सळया काढाव्या लागतील," तो म्हणाला.

"काढ."

त्याने कोपऱ्यातली सळई हलवून उपसली. मांडवाची ती बाजू एकदम खाली आली आणि वेलासकट त्याच्या खांद्यावर बसली. हातभर लांबीचे दोडके त्याच्या छातीवर लोंबायला लागले. खांदा काढला असता तर सगळा मांडव जमिनीला गेला असता. तो तसाच उभा राहिला. चंपाबाई मदतीला आल्या नाहीत. त्यांनी टेपचं टोक धरून ठेवलं होतं आणि त्यांचे डोळे भरले होते.

"ह्याला आजून किती दिस येत्यात?" सुहासने विचारलं.

"पाऊस लागूस्तवर."

एका हाताने मांडव उचलून धरत सुहासने सळई पुन्हा त्याच भोकात घातली आणि तिच्या बुडाशी टाचेने माती दाबली, आई बांध दाबायची तशीच.

"खोल्या पुढच्या अंगणात काढतो," तो म्हणाला. "दोनच बसतील. गाडी रस्त्याला लावीन."

चंपाबाईंनी पदराने डोळे पुसले. टेपचं टोक मात्र सोडलं नाही. कुंपणापासून मोडक्या मोटारसायकलपर्यंतची तेवढी जागा अजून रिकामी होती. त्यांनी तिकडे बोट दाखवलं.

"त्ये भंगार आदी हलीव, आन् मग तितनं धर," त्या म्हणाल्या. "येत्या थंडीत बटाट्याला वाफा लागंल."