बर्फात ठेवलेला ग्रंथ

धनलक्ष्मीअक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन राजाजीनगरात आल्या, मुलगी शाळेत जायला लागल्यावर पत्राद्वारे ग्रंथालयशास्त्र शिकल्या आणि बसवनगुडीतल्या एका छोट्या वैद्यकीय ग्रंथालयात नोकरीला लागल्या. घरी मराठी, बसमध्ये कन्नड आणि पुस्तकांशी दोन्ही, असं त्यांचं चालायचं.

त्या ग्रंथालयाचं खरं वैभव म्हणजे एक लॅटिन ग्रंथ. एका जुन्या डॉक्टरांनी मरताना दिलेला, चारशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेला. अर्ध्या भागात औषधं, अर्ध्या भागात किमया. पाऱ्याची भस्मं, वनस्पतींचे अर्क, भट्ट्या, लांब मानेची काचपात्रं, सूर्य गिळणारा सिंह. अक्कांना लॅटिन येत नव्हतं, पण चित्रं सगळी पाठ होती. वैद्यकीय कॉलेजची मुलं आली की त्या सांगत, "हे लोक सोनं करायला बसले होते. सोनं काही झालं नाही, पण भट्टी पेटवून पेटवून अर्क काढायला मात्र शिकले. पुढे औषधं करणाऱ्यांना ते उपयोगी पडलं."

एका सोमवारी त्यांनी कुलूप उघडलं तर जमिनीवर पाणी. रविवारी वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता. काचेच्या कपाटाच्या तळाशी तो ग्रंथ भिजून दुप्पट फुगला होता. चामड्याचं कव्हर साबणासारखं बुळबुळीत लागत होतं. अक्का तिथेच ओल्यात बसल्या.

विश्वस्त रघुनंदनराव धावत आले. "गच्चीवर उन्हात ठेवा, लगेच!"

"नको. उन्हात चामडं आखडेल, पानं एकमेकांना चिकटतील. आणि ओलं ठेवलं तर दोन दिवसांत बुरशी."

"मग करायचं काय?"

फार वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणात ऐकलेलं अक्कांना आठवलं. भिजलेलं पुस्तक गोठवायचं. बुरशी थांबते, मग सवडीने वाळवता येतं. हे त्यांनी स्वतः कधी केलेलं नव्हतं. म्हणून आधी त्या प्रशिक्षकांनाच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "करा. उशीर करू नका."

गल्लीच्या तोंडाशी नागराजचं आइस्क्रीमचं दुकान होतं. तो अथणीचा, अक्कांशी मराठीत बोलायचा. मेणकागदात गुंडाळलेलं ते गाठोडं बघून तो दचकला.

"अक्का, मटण हाय काय ह्ये? आमच्यात चालत न्हाई."

"पुस्तक आहे रे. चारशे वर्षांचं. तुझ्या फ्रीजरमध्ये जागा दे, नाहीतर मरतंय."

 नागराजने सगळ्यात थंड फ्रीजर उघडून आंब्याचे डबे भराभर बाहेर काढले. "सरी, हरकत न्हाई, ठेवा. डबे दुसरीकडं घालतो. ह्याला कुणी हात लावणार न्हाई."

रघुनंदनरावांना हे कळलं तेव्हा ते चिडलेच. "इतका मौल्यवान ग्रंथ कुल्फीच्या शेजारी? बिघडला तर लोकांना काय सांगायचं?"

"माझं नाव सांगा," अक्का म्हणाल्या.



पुढे सगळं उन्हाळी सुट्टीभर चाललं. ग्रंथ बाहेर काढला, त्यातला बर्फ हळूहळू वितळू दिला. पानापानात टीपकागद घालायचा, पंखा मंद ठेवायचा, कागद ओला झाला की बदलायचा. शाई जराही पसरली नव्हती. कागद जुन्या चिंध्यांचा, कापडासारखा चिवट. आजचा असता तर लगदा झाला असता. रघुनंदनरावही रोज यायला लागले. आधी नुसते बघत, मग बाह्या सरसावून टीपकागद कापत बसत.

शेवटी एकच गठ्ठा राहिला, भट्ट्यांच्या चित्रांचा. तो चिकटला होता. अक्कांनी बोथट लाकडी पट्टी कडेने आत सरकवली. श्वास रोखून. थोडी वाट पाहिली, पुन्हा सरकवली. एक बारीक आवाज आला आणि पान सुटलं. चित्र जसंच्या तसं. भट्टीतली एकेक ज्वाळा मोजता येईल इतकं स्वच्छ.

"अक्का!" रघुनंदनराव ओरडलेच. "जिंकलात तुम्ही!"

अक्का हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे भरून आले.

ग्रंथ पुन्हा लोकांसाठी खुला झाला त्या दिवशी रस्त्यापर्यंत रांग लागली. कॉलेजची मुलं, डॉक्टर, शेजारपाजारचे. नागराज दुकान बंद करून बायकोमुलांसह आला होता. रघुनंदनरावांनी भाषण केलं नाही, नुसती खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "हा ग्रंथ ज्यांनी वाचवला, त्याच उघडतील."

अक्का पुढे झाल्या आणि त्यांनी कव्हर उचललं. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं दालन टाळ्यांनी भरून गेलं.

त्याच आठवड्यात धारवाडहून फोन आला. एका मठाच्या तळघरात पाणी शिरलं होतं, पोथ्या भिजल्या होत्या. अक्कांनी विचारलं, "जवळ बर्फाचा कारखाना आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता पिशवी भरायला घेतली.