चालत्या कामातून बाद केलेली पाने

माझे शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही, तरी चुकून कोणाच्या हाती लागलेच तर त्याने माफ करावे.

हरमलला आमच्या घरामागे पर्यटकांना द्यायच्या तीन खोल्या आहेत. त्यातली एक मुलीने मागून घेतली. ती कॉम्प्युटर शिकलेली, पणजीची नोकरी सोडून आली होती. तिने एक जुना पण मोठा कॉम्प्युटर घेतला. सिनेमात दाखवायच्या समुद्राच्या लाटा त्यावर तयार करून द्यायच्या, असे तिचे काम. मांद्र्याला भाड्याने राहणाऱ्या पुण्याच्या एका माणसाने तिला पहिले मोठे काम दिले आणि तीस हजार आगाऊ दिले. ते इन्व्हर्टरला गेले. यंत्र नऊ दिवस न थांबता चालले, तरच काम वेळेवर होणार होते; मध्ये बंद पडले तर पहिल्यापासून.

पाचव्या दिवशी मी चहा-पाव घेऊन गेले तेव्हा ती पडद्याकडे टक लावून बसली होती. मेमरीतले एक पान खराब होत चालले आहे, म्हणाली. मेमरी पानापानांची असते. एखादे अक्षर बिघडले तर यंत्र ते आपणच सुधारून वाचते. पण त्याच पानावर पुन्हा पुन्हा सुधारावे लागले की समजायचे, हे आता जाणार. मी म्हटले, मग टाकून दे. तर म्हणे, त्यावर काम चालू आहे, टाकणार कसे?

"आई, पाहुणो आत असताना खोली गळूक लागली तर तू काय करतंस?"

मी सांगितले. दुसरी खोली झाडायची, सामान जसेच्या तसे तिथे मांडायचे, वहीत खोलीचा नंबर बदलायचा आणि गळक्या खोलीला कुलूप घालायचे. यंत्राचा आतला सगळा कारभार बघणारे कर्नेल असते, तेही हेच करते, म्हणाली. मजकूर चांगल्या पानावर उतरवते, नंबर बदलते, आणि जुने पान पुन्हा कोणाला देत नाही. चालू कामाला कळतसुद्धा नाही.

मी सहसा काही विचारत नाही, पण त्या दिवशी विचारले. पाहुण्याने आतून कडी घातली तर? मग हलवता येत नाही, तो सोडेपर्यंत थांबावे लागते, म्हणाली. आणि हलवण्याआधीच छप्पर कोसळले तर?

ती म्हणाली, त्या पानाची चांगली प्रत डिस्कवर असली तर परत आणता येते. नसली तर कर्नेल ते कामच मारून टाकते.

"खोटां वाचून फुडे जाण्यापरास मेलेलां बरां," ती म्हणाली.

सातव्या दिवसापर्यंत अशी चार पाने बाद झाली. शेजारीण कुंपणावरून मुलीची चौकशी करत म्हणाली, "धुवेचो कॉम्प्युटर आजारी पडलो मगे? देवळात गाऱ्हाणां घाल."

त्याच दुपारी मुलगी बँकेच्या कामाला पेडण्याला गेली आणि परतीच्या पावसाचे ढग गडगडू लागले. वीज कडाडली की आमच्याकडे सगळे प्लग काढतात. गेल्या वर्षी शेजारणीचा टीव्ही आणि फ्रिज दोन्ही जळले होते. मुलीला फोन लागेना. मी भिंतीतला प्लग काढला, तरी यंत्र इन्व्हर्टरवर चालूच. खिडकीबाहेर लख्ख उजेड पडला आणि मी इन्व्हर्टरही बंद केला.

ती भिजून आली. कोणी बंद केला, एवढेच विचारले. मी म्हटले, मी. ती खुर्चीवर बसली आणि कितीतरी वेळ ओल्या कपड्यांतच राहिली. सात दिवसांचे काम गेले होते.

त्या माणसाने दहा दिवस वाढवून दिले. तिने लगेच यंत्र सुरू केले. पण बाद केलेली पाने कर्नेलच्या ध्यानात यंत्र चालू असेपर्यंतच राहतात, आणि घाईत तिलाही आठवले नाही. काम पुन्हा त्याच पानांवर गेले. तिसऱ्या दिवशी त्यातले एक पान सुधारण्यापलीकडे बिघडले आणि कर्नेलने काम मारले. मग तिने जुन्या नोंदींतून ती चारही ठिकाणे शोधली आणि सुरू होतानाच ती सोडायला यंत्राला सांगून ठेवले. आता ते नीट चालते. पण उरलेल्या सात दिवसांत काम होणार नव्हते; माणसाने ते दुसरीकडे दिले आणि आगाऊ पैसे परत मागितले.

"चूक माझी. विजेचां तुका सांगूक व्हया होतां," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसमध्ये जाऊन चादरी धुवायचे काम मागितले. आयुष्यात कोणाकडे काही मागायची ती पहिलीच वेळ. मुलीला ते लागले. काही दिवस ती माझ्याशी जेवणापुरतेच बोलत होती. मी दर महिन्याला तीन हजार त्या माणसाच्या दारी नेऊन द्यायचे. पाकीट हातात ठेवून मी परत फिरायचे.

दहाव्या महिन्यात त्याने पाकीट न उघडताच टेबलावर ठेवले.

"मोजा," मी म्हटले.

त्याने मोजले. तीस हजार पुरे झाले.