सारवलेल्या जमिनीखालची भेग

कराडहून चिपळूणला एसटीने जायचं असेल तर खिडकीची जागा धरावी आणि फुटणारं सामान मांडीवर घ्यावं. मी पहिली गोष्ट केली, दुसरी केली नाही. कुंभार्ली घाटातल्या एका वळणावर माझी पिशवी वरच्या फळीवरून थेट खाली आली. आतला आवाज ऐकून शेजारच्या आजोबांनी हळहळून विचारलं, "बांगड्या होत्या का?"

"नाही हो, काचेच्या पट्ट्या."

"मग बरं," म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

माझ्या दृष्टीने ते मुळीच बरं नव्हतं. भिंतीला भेग पडली की तिच्यावर आडवी पातळ काच ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवतात. भेग जुनी, थांबलेली असेल तर काच शाबूत राहते. भिंत जराशी जरी सरकली तरी ती तडकते. वीज लागत नाही, शिकलेलं माणूस लागत नाही. डोंगर सरकतोय का यावर नजर ठेवणाऱ्या एका लहानशा गटात मी काम करते. भूशास्त्र देवयानीचं. सामान, परवानग्या, मुक्काम आणि माणसांशी बोलणं माझं. पावसाळ्याआधी आम्ही चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीच्या माथ्यावर जमिनीला पडलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गज रोवून आलो होतो. आता गणपतीच्या आधी त्यांच्यातलं अंतर मोजायचं, घरांना पट्ट्या लावायच्या आणि परतायचं, असा बेत होता.

चिपळूणला उतरल्यावर पहिलं काम काच मिळवणं. बाजारपेठेत फोटोफ्रेमचं दुकान सापडलं. दुकानदाराने कापायची पट्टी काढता काढता विचारलं, "फोटो केवढा आहे?"

"फोटो नाही. भेगेवर लावायची आहे."

"भेगेला फ्रेम?" तो देवयानीकडे बघून हसला. मग आम्ही कुठे चाललो आहोत ते कळल्यावर हसणं थांबलं. त्याच्या दुकानात सगळी चांगली लाकडं माळ्यावर होती आणि खालच्या फळ्या रिकाम्या. वाशिष्ठीच्या काठी, पुराच्या तोंडाशी धंदा करणाऱ्याला वेगळं काही समजवावं लागत नाही. त्याने कडा घासून दिल्या, पट्ट्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळल्या आणि वर सल्ला दिला, "मांडीवर ठेवा, बाई."

गावाचं नाव लिहीत नाही. मोहिते गुरुजींनी तसं बजावलं आहे. "छापून आलं की दरडीचं गाव म्हणून नाव पडतं. मग आमच्या पोरांना मुली कोण देणार?" गुरुजी बौद्धवाडीतले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. आमचा मुक्काम त्यांच्याकडे. बौद्धवाडी खाली सपाटीवर आहे, शेजारी शाळा. मध्ये पऱ्या (ओढा), आणि पलीकडच्या उतारावर भुवडांची वाडी, एकाच भावकीची. घरं पायऱ्यांसारखी एकावर एक. सगळ्यात वर त्यांचं मूळ घर, आणि त्याच्याही वर सडा (डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार).

गुरुजींच्या घरी तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि सुक्या जवळ्याची चटणी. "पोटभर खा," गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या. "वरच्या वाडीत श्रावण संपेस्तोवर मासळीचा वास पण मिळायचा नाय." पावसाचा जोर कमी होता, म्हणून जेवून लगेच चढायला लागलो.

पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) शेवाळलेली होती. वाटेत बाजूच्या डोंगराकडे बोट करून गुरुजींनी जुनी दरड दाखवली. हिरव्या उतारावर लांबलचक तांबडा ओरखडा. माणूस कोणी गेलं नव्हतं, म्हणून बातमीही झाली नाही. पण खालची भाताची खाचरं दगडगोट्यांनी भरली ती अजून तशीच आहेत. "आणि चढणीचे मासे गेले," गुरुजी म्हणाले. "पाऊस लागला की पऱ्यात उलटे चढायचे. आख्खी वाडी टोपल्या घेऊन जायची, त्यांची पण आणि आमची पण. आता तळाला नुसता गाळ. मासा यायचा कशाला?"

सड्यावर आमचे गज जागेवर होते. टेप धरला. मे महिन्यातल्या अंतरात दोन बोटांची भर पडली होती. देवयानीने पुन्हा मोजायला लावलं, मी पुन्हा मोजलं. तेवढंच. इथे वरच्या जांभ्याखाली लोण्यासारखी पांढुरकी माती असते. तिच्यात पाणी मुरलं की वरचा थर घसरायला बघतो. भेग सड्यावरच थांबली आहे की उतारात खाली शिरली आहे, हा खरा प्रश्न होता.

म्हणून मूळ घरी गेलो. तिथे सुनंदा भुवड एकट्या राहतात. वय माझ्याएवढंच, नवरा वारलेला, दोघे मुलगे मुंबईला. आम्ही घरभर फिरलो. मागच्या भिंतीला दोन बारीक भेगा होत्या, तिथे पट्ट्या लावायचं ठरलं. माजघरातली जमीन मात्र पाहत राहावी अशी. ताजी सारवलेली, बोटांच्या अर्धगोल रेघा एकसारख्या, कुठे चीर नाही.

"जमिनीला भेग वगैरे?" मी विचारलं.

"नाय हो ताई. गणपती आठ दिवसांवर आला. फुटकी जमीन ठेवीन का मी?"

देवयानीला हायसं वाटलं. मीही लिहून टाकलं: जमीन ठीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटचं घमेलं घेऊन गेलो तर सुनंदावहिनी शेणकाल्याची बादली घेऊन माजघरात बसलेल्या. कालच्या त्या सुरेख जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेघ उमटली होती. सरळ नाही, थोडी वाकडी, डोंगराला आडवी.

"थांबा!" देवयानी इतक्या जोरात ओरडली की वहिनींच्या हातातून शेणाचा गोळा पडला.

"अगो बाय, काय झालं? साप हाय?"

"ही कधी पडली?"

"ही? ही रोजचीच. सारवलं की जाते, परत येते."

"किती दिवस?"

"लावणी झाली तेव्हापासून." मग आमची तोंडं बघून त्या घाईघाईने म्हणाल्या, "माजाच हात नीट बसत नाय हल्ली. सासूबाई म्हणायच्या, घाईने सारवलं की जमीन फुटते."

म्हणजे भाताची लावणी झाल्यापासून घराखालचा डोंगर हलत होता आणि ही बाई दर दोन-चार दिवसांनी ते निगुतीने मिटवत होती. तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला, आम्हालाही, स्वच्छ जमीन दिसत होती. पाहुण्यांसमोर घर नीट असावं एवढंच तिच्या मनात होतं, आणि कोणत्याही घरच्या बाईच्या मनात तेच असतं. आपण कुणाकडे तपासायला म्हणून जातो तेव्हा त्या घराने आपल्यासाठी आवरून ठेवलेलं असतं, हे मला सुचायला हवं होतं.

देवयानीने न घाबरवता पण स्पष्ट सांगितलं. जमीन सारवू नका, भेग उघडी राहू द्या, रोज बघा. आणि घर सोडा. पाऊस संपेपर्यंत इथे झोपू नका.

वहिनींनी पडलेला शेणाचा गोळा उचलून बादलीत टाकला. मग म्हणाल्या, "माजा एकटीचा प्रश्न असता तर आज गेले असते. पण सगळ्या भावकीचा गणपती इथं बसतो. मुंबईवरनं सगळी येतात. सुना, नातवंडं, जावांची माणसं. पाय ठेवायला जागा नसते. त्यांना काय सांगू?"

वर्षभर एक बाई राहते त्या घरात, पावसाने डोंगर पुरता भिजलेला असताना, नेमकी सगळी भावकी येऊन झोपणार होती. आमच्या कागदावर त्या घरासमोर "राहणारे: एक" असं होतं.

वहिनींनी मुंबईला दिराला फोन लावला. दत्ताराम भुवड, कापडाच्या दुकानात कामाला, नवऱ्याच्या मागे भावकीतला कर्ता. आवाज फोनबाहेर खणखणीत येत होता. "वहिनी, मूळ घरातला गणपती हलत नाय. आजोबांच्या आधीपासनं तिथं बसतो. कोण आलेत? घाटावरच्या बायका? आता घाटावरची माणसं आपल्याला डोंगर शिकवणार!"

"तुमी येऊन बघा, भावोजी," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

आम्ही मुक्काम वाढवला. मोजमापं तहसील कार्यालयात देऊन आलो, वाडीतल्या प्रत्येक घराला पट्ट्या लावल्या. वहिनी दिवसा वर जायच्या, झोपायला गुरुजींकडे यायच्या. मूळ घराच्या मागच्या भिंतीवरची काच तडकली. वाडीत कुजबुज सुरू झाली होतीच, पण कुजबुजीचा विषय काच नव्हता. "सुनंदाने गणपतीच्या तोंडावर घर सारवलं नाय," हा होता. एक जाऊबाई पाखाडीवर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आता काय, सायबिणी आल्यात. शेणाला हात कशाला लागतोय?" वहिनींनी ऐकलं आणि डोक्यावरचा भारा सावरून पुढे गेल्या.

दत्ताराम गणपतीच्या दोन दिवस आधीच आले, सोबत बायको आणि भावकीतल्या पोरांची फौज. उंच, हसतमुख गृहस्थ. अंगणातूनच हाक दिली, "कुठायत आपल्या डोंगरवाल्या बाई?" आणि आत पाऊल टाकताच थबकले. माजघरात तोपर्यंत रेघ राहिली नव्हती. तळहात उभा आत जाईल एवढी फट झाली होती, आणि खालच्या अंगाची जमीन बोटभर खचली होती.

"वहिनी, ह्या काय? सारवलं नाय?"

"महिनाभर सारवत व्हते, भावोजी. महिनाभर माज्या हाताला दोष देत व्हते. हात बरा हाय. डोंगर बरा नाय."

त्यांनी वाकून फटीत हात घातला. बाहेर काढलेल्या हाताला ओली पांढुरकी माती लागली होती. ती शहरी पँटलाच पुसत त्यांनी विचारलं, "पोरं दरवर्षी कुठं झोपतात?"

"इथंच. ओळीनं."

अंगणात ती पोरं आल्या आल्या लपाछपी खेळायला लागली होती. दत्ताराम त्यांच्याकडे बघत ओटीवर बसले. मग म्हणाले, "खाली जागा मिळेल का, गुरुजींना विचारलंत?"

"मी कशाला? कर्ते तुमी. तुमी विचारा."

हे विचारणं सोपं नव्हतं, ते खाली गुरुजींच्या अंगणात उभं राहिल्यावर मला कळलं. दत्ताराम अंगणातच उभे राहून पावसाबद्दल बोलले, गाडीच्या गर्दीबद्दल बोलले. गुरुजींनी त्यांना तेवढा वेळ दिला. मग स्वतःच म्हणाले, "दत्ता, मूर्ती आमच्याकडे बसणार नाही, ते तुलाही ठाऊक आणि मलाही. शाळेला सुट्टी आहे. मुख्याध्यापकांशी मी बोलतो, गणपती तिथे बसव. माणसं मात्र आमच्याकडे झोपतील. भावाचं घर रिकामं आहे, समाजमंदिर आहे."

"एवढी माणसं, गुरुजी. तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला? माझी आई तुमच्या ओटीच्या खाली उभी राहून ताक मागायची. तू तसा अंगणात उभा राहू नकोस. आत ये. चहा आत घेऊ."

दत्तारामांनी मान खाली घातली. चपला काढल्या आणि आत गेले.

त्या दिवशी दुपारी गणपतीचा पाट त्यांनी स्वतः डोक्यावर घेऊन पाखाडी उतरवला. मूळ घर निघालं म्हटल्यावर खालची घरं अडून बसली नाहीत. समया, घंगाळं, गाद्या, माटवीची (गणपतीवर बांधायच्या रानफळांची) चौकट, सगळं पऱ्या ओलांडून आलं. गुरुजींच्या पत्नीने चूल मोकळी करून दिली आणि जवळ्याचा डबा उचलून माळ्यावर ठेवला. टोमणा मारणारी जाऊबाई दाराशी घुटमळत होती. "ये गो आत," गुरुजींच्या पत्नी तिला म्हणाल्या. "भिंती पडायची भीती नाय हितं."

आम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघालो. शाळेच्या वर्गात पाढ्यांच्या तक्त्याखाली माटवी बांधणं चाललं होतं आणि दत्ताराम शिडीवरून सगळ्यांना सूचना देत होते. मला बघून म्हणाले, "बाई, घर नाय पडलं ना, तर पुढल्या वर्षी तुम्हाला जबाब द्यावा लागेल!" गमतीत म्हणाले, पण अर्ध्याच गमतीत.

परतीच्या एसटीत मी त्याचाच विचार करत होते. आमच्या कामाची अडचण हीच आहे. डोंगर कोसळला तर आपण उशीर केला, आणि नाही कोसळला तर लोकांना उगाच हलवलं. दरडीचा दिवस कोणी सांगू शकत नाही. सांगता येते ती फक्त शक्यता. तिच्या भरवशावर एका बाईने आपली जमीन फुटकी ठेवली, भावकीची बोलणी खाल्ली. नुकसान झालं तर ते तिच्या नावावरच मांडलं जाणार होतं, आमच्या नाही.

विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परतल्यावर मी सुनंदावहिनींना फोन केला. घर उभं होतं. मागची पडवी कलली होती, फट रुंदावली होती, पण घर उभं होतं. त्या अजून गुरुजींच्या भावाच्या घरातच राहत होत्या आणि पाऊस पुरता जाईपर्यंत वर जाणार नव्हत्या.

"लोक काय म्हणतात?" मी भीत भीत विचारलं.

"हसतायत. सुनंदा भ्याली आणि देवाला शाळेत घातलं, म्हणतायत."

"तुम्हाला वाईट वाटत असेल."

"हसूदेत की, ताई," त्या म्हणाल्या. "हसायला सगळी हायत ना."