पोटातले गडी

"आधी माणसं जेवली का?" एक हात कमरेवर ठेवून काकी विचारायची. भातलावणीला बायकांची टोळी घेऊन जाणारी अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. किन्हवलीत आमच्या आळीतली तशी बाई म्हणजे काकी. शेतमालकाने कितीही घाई केली तरी न्याहारीशिवाय ती कुणाला चिखलात उतरू देत नसे. म्हणायची, "उपाशी गडी रोप लावत नाय, नुसतं खोचतो."

मग तिचं पोट बिघडलं. ताप असो की पोटदुखी, दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खायची तिला सवय होती. हळूहळू पेरूची फोडही पचेना. पोट फुगायचं. कल्याणला नोकरी करणारा मुलगा सफरचंदं आणायचा, सून ती सोलून, उकडून द्यायची. काकी भिंतीला टेकून कसंबसं खायची.

"लावणी आली गो. मी उठन का नाय?" तिने मला विचारलं.

मी शहापूरला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून आळीत मला अर्धी डॉक्टर समजतात. तसं नाही, हे सांगूनही मी थकले. तरी मला समजलं होतं तेवढं काकीला सांगितलं. फळातला चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू तो फोडून खातात. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांवर आतड्याचं अस्तर पोसतं. जांभळातला तुरटपणाही तेच फोडतात. या गोळ्यांनी त्यातले बरेच मरत असावेत. एकदा डॉक्टरांना दाखव, असंही म्हटलं.

काकी भिंतीपासून पुढे सरकली.

"म्हंजे आपलं उष्टं खातात नि आपलंच काम करतात?"

"तसंच काहीसं."

"मंग घरचेच गडी ते. नि मी त्यांना उपाशी ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सून मला बोलवायला आली. काकीने दारच्या झाडाचे पेरू सालीबियांसकट पोटभर खाल्ले होते. पोट टम्म फुगलेलं.

"आई, आता बारशाला कोनाला बोलवू ते सांगा," सून चिडून म्हणाली.

काकी कण्हता कण्हता हसली. "माजंच चुकलं. नवीन गडी पयल्याच दिवशी सगलं शेत लावतील व्हय?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या आणि थोडं थोडं खायला सांगितलं. मग रोज एक फोड, वाटीभर ताक. रोपं लावणीला आली तोवर काकी अख्खा पेरू खाऊ लागली होती.

ती शेतात आली. सगळ्यांना खाऊ घातलं, चिखलात उतरली, वाकली. एक मूठ रोपं लावून झाली आणि कंबर धरून उभी राहिली. मग सावकाश बांधावर जाऊन बसली.

"पोटाचं काय नाय गो," ती मला म्हणाली. "पन वाकवतच नाय."

तिच्या वाटणीची जागा टोळीतल्या दोघींनी आपसात लावून घेतली. काकी बघत राहिली.

दिवाळीनंतर मुलगा तिला कल्याणला घेऊन गेला. तिथे ती सगळं खाते, असं तो सांगतो. मी कधी फोन केला तर तिला पोटाचंच विचारते.

"बरं हाय," ती म्हणते. "त्या गड्यांना काम हाय गो. मला नाय."